वजनावरून डोस ठरतो

क्षयरोगाच्या रुग्णाला औषध सुरू करायचं म्हटलं की आधी त्याला वजनकाट्यावर उभं करतात. किती किलो भरला, त्यावरून गोळ्या किती हे ठरतं; पूर्वी इंजेक्शन किती मिलिग्रॅमचं हेही ठरायचं. त्यात चूक काहीच नाही, शास्त्र तसंच आहे. कागदावर त्याचा व्यवसायही लिहिला जातो. पण तो वाचून कुणी औषध बदललं, असं मी माझ्या नोकरीत क्वचितच पाहिलं. मिरज भागात ट्रीटमेंट सुपरवायझर म्हणून काम करताना माझं एक मत घट्ट होत गेलं: पहिली गोळी हातावर ठेवण्याआधी त्या माणसाला विचारलं पाहिजे, की तुमच्या शरीरातलं काय गेलं तर तुमचं काम थांबेल? आणि तो जे उत्तर देईल त्याला वजनाइतकीच किंमत दिली पाहिजे.

मिरजेत राहणाऱ्या माणसाला हा प्रश्न सुचायला फार वेळ लागू नये. हे गाव दोन गोष्टींसाठी ओळखलं जातं. १८९४ साली डॉ. वानलेस यांनी इथं मिशन हॉस्पिटल सुरू केलं आणि तेव्हापासून कर्नाटकापर्यंतचे रुग्ण मिरजेची वाट धरतात. सांगली-मिरज रस्त्यावरच्या वानलेसवाडीत क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम होतं. दुसरी गोष्ट म्हणजे गाणं-वाजवणं. सतारमेकर गल्लीत भोपळे वाळत घातलेले असतात, तंबोऱ्याच्या तारा टेकतात त्या घोड्या घासल्या जातात. ख्वाजा शमना मीरासाहेबांच्या दर्ग्यात गवई अब्दुल करीम खाँसाहेब विसावले आहेत आणि उरुसात त्यांच्या आठवणीनं रात्रभर गाणं चालतं. म्हणजे एका बाजूला दवाखाने आणि दुसऱ्या बाजूला वाद्यं. तरी दोघांची बोलणी फारशी होत नाहीत.

मास्तर माझ्याकडे २०१५ च्या पावसाळ्यात आले. लग्नाच्या ब्रास बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. वय पन्नाशीच्या आसपास, मिशीला रंग लावलेला, अंगातला सदरा दोन मापं मोठा वाटावा इतके वाळलेले. काही वर्षांपूर्वी त्यांना टीबी झाला होता आणि खासगी डॉक्टरांकडचं औषध त्यांनी मध्येच सोडलं होतं. कारण विचारल्यावर त्यांनी लपवाछपवी केली नाही. ताप गेला, भूक लागायला लागली, आणि तुळशीची लग्नं झाली तशा सुपाऱ्या सुरू झाल्या. आज जतला, उद्या अथणीला, परवा कागलला. रात्री वरात, पहाटे टेम्पोत झोप. त्यात गोळ्यांची पुडी मागे पडली. आता थुंकीतून रक्त आल्यावर ते घाबरून आले होते. सीबीनॅट यंत्रावर दोन तासांत कळलं, रिफाम्पिसिन लागू पडणार नाही. म्हणजे एमडीआर, नेहमीच्या औषधांना दाद न देणारा टीबी.

औषध सोडणाऱ्या रुग्णाबद्दल आमच्याकडे एक सरसकट बोलणं असतं: बेफिकीर आहे, शिकलेला नाही, दारू पीत असेल. मला हे बोलणं कधीच सहन झालेलं नाही. ज्याचं वर्षाचं पोट चार-पाच महिन्यांच्या लग्नसराईवर भरतं, त्याला सहा महिने एका जागी बसून रोज औषध घे म्हणणं म्हणजे अर्धं उत्पन्न सोडून दे म्हणणं आहे. त्यानं निवड केली, आणि ती त्याच्या घराकडे बघून केली. तेव्हा पोषणासाठी सरकारकडून दरमहा काही मिळतही नव्हतं. निक्षय पोषण योजनेचे ५०० रुपये एप्रिल २०१८ पासून सुरू झाले, नोव्हेंबर २०२४ पासून ते १००० झाले. ही वाढ झाली याचा मला मनापासून आनंद आहे. झारखंडमधल्या अभ्यासानं तर दाखवून दिलं, की घरात पुरेसं धान्य पोचवलं तर घरातल्या इतरांना टीबी होण्याचं प्रमाण चाळीस ते पन्नास टक्क्यांच्या घरात कमी होतं. पण पोषणाचे पैसे हे बुडालेल्या मजुरीचे पैसे नव्हेत. एका वरातीला मास्तरांना जे मिळायचं ते बुडालं, त्याचा हिशेब कुठल्याच योजनेत नाही. महात्मा फुले योजनेसारख्या आरोग्य विमा योजना हॉस्पिटलात दाखल होणाऱ्याला आधार देतात, ऑपरेशनला देतात. दाखल न होता महिनोन्महिने घरी बसून औषध खाणाऱ्या माणसाला त्या ओळखत नाहीत.

त्या काळचा एमडीआरचा उपचार असा होता: आठवड्यातून सहा दिवस कानामायसिनचं इंजेक्शन, किमान सहा महिने. सोबत चार-पाच प्रकारच्या गोळ्या, आणि सगळं मिळून दोन वर्षं. कानामायसिन हे ज्या औषधांच्या कुळातलं, त्या कुळाला एक जुनी खोड आहे. आतल्या कानातल्या सूक्ष्म केसपेशी ते मारतं. त्या पेशी पुन्हा उगवत नाहीत. गेलेलं ऐकणं परत येत नाही.

हे मास्तरांना सांगायचं की नाही, यावरून आमच्यात मतभेद होते. काही सहकाऱ्यांचं म्हणणं, सांगितलं तर तो इंजेक्शन घेणारच नाही, मरेल, आणि मरण्याआधी दहा जणांना देऊन जाईल. या भीतीत तथ्य आहे, मी ती हलकी मानत नाही. पण ज्याच्या कानावर त्याची भाकरी आहे, त्याच्यापासून कानाची गोष्ट लपवून ठेवायचा अधिकार मला कुणी दिला? मी त्यांना सांगितलं. मास्तर बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हंजे ताई, एक तर छाती जाणार, न्हाई तर कान जाणार. वाजवायला दोन्ही लागतंय की वो." पण त्यांनी सुई घ्यायचं कबूल केलं. घरात लहान नातू होता, तो त्यांच्या अंथरुणात झोपायचा. त्यांनी वाजवण्यापेक्षा नातवाला वर धरलं, हे मला तेव्हाच कळलं होतं.

तिसऱ्या-चौथ्या महिन्यात उपकेंद्रावर ते म्हणाले, कानात रातकिडा बसलाय. पुढच्या आठवड्यात म्हणाले, झांज बोथट झालीय. मला आधी नीट उमगलं नाही. घराजवळ बँडची तालीम चालायची, मास्तर लांब बाहेर बसून ऐकायचे. झांज आपटल्यावर जो शेवटी चमचमता आवाज हवेत राहतो, तो त्यांना येईनासा झाला होता. झांज वाजतेय हे कळत होतं, पण तिची धार गेली होती. आपल्या जुन्या रेकॉर्डिंगमध्ये रीडवरची फुंकरीची बारीक खसखसही हरवली होती.

ही तक्रार त्यांनी एका दवाखान्यात सांगितली तेव्हा त्यांना विचारलं गेलं, मी बोलतोय ते ऐकू येतंय का? येतंय म्हटल्यावर कान ठीक आहे असं सांगून परत पाठवलं. इथंच सगळं अडतं. हे औषध ऐकण्याच्या वरच्या टोकापासून पोखरायला सुरुवात करतं, ८००० हर्ट्झ, ६००० हर्ट्झ, मग खाली. माणसाचं बोलणं समजायला लागणारा पट्टा बराच खालचा आहे. म्हणून साध्या माणसाला कान बिघडल्याचं कळतं तोवर खूप उशीर झालेला असतो. वाजवणाऱ्याला मात्र आधी कळतं. मास्तरांचा कान आमच्या कुठल्याही यंत्राच्या आधी सांगत होता, की औषध आत पोचलं आहे आणि नको तिथं काम करतं आहे. ऑडिओमेट्री करून घेतली तेव्हा कागदावरची रेघ उजव्या टोकाला दरीत उतरावी तशी उतरली होती. तोवर थुंकीची तपासणी निगेटिव्ह येऊ लागली होती. तज्ज्ञ डॉक्टरांनी समितीपुढे विषय मांडला आणि इंजेक्शन थांबवून त्या जागी पास या औषधाची पुडी सुरू केली. त्या पुडीनं पोटाचे हाल झाले, पण उरलेला कान वाचला. त्या डॉक्टरांबद्दल मला आजही कृतज्ञता वाटते. त्यांनी मास्तरांचं म्हणणं, "मला झांज नीट ऐकू येत नाही" या शब्दांत, जसंच्या तसं केसपेपरवर लिहिलं होतं.

मधले काही महिने फार वाईट गेले. गोळ्यांमधल्या सायक्लोसेरिननं मन काळवंडतं, हे आम्हाला ठाऊक असतं, पण मास्तरांचं मन नुसत्या गोळीनं काळवंडलं नव्हतं. एकदा त्यांनी मला विचारलं, "बरा होऊन करू काय?" या प्रश्नावर "जीव वाचला हेच खूप" असं म्हणायची आपल्याकडे पद्धत आहे. ते वाक्य मी कधी वापरत नाही. जीव वाचवणं हे आमचं काम आहे, त्याबद्दल रुग्णानं समाधानी असलंच पाहिजे ही सक्ती आमच्या कामात बसत नाही. मी त्यांना कुमार गंधर्वांची गोष्ट सांगितली. बेळगावजवळच्या सुळेभावीचा हा मुलगा, लहानपणीच देशभर गाजलेला. १९४७ मध्ये लग्न झालं आणि क्षयानं गाठलं. कोरड्या हवेसाठी १९४८ साली देवासला नेलं. डॉक्टरांनी सांगितलं, गाल तर जिवावर बेतेल. पत्नी भानुमतीताईंनी शाळेत नोकरी करून घर चालवलं, सेवा केली. स्ट्रेप्टोमायसिन मिळालं, एक फुफ्फुस निकामी झालं, पण १९५३ मध्ये ते पुन्हा मैफलीत गायले. अंथरुणावर पडल्या पडल्या माळव्यातली लोकगीतं ऐकली आणि त्यातून नव्या रागांची वाट सापडली.

मास्तरांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्यांचे कान शाबूत हुते न्हवं?"

मला काही बोलता आलं नाही. कुमारजींना मिळालेलं स्ट्रेप्टोमायसिन हे कानामायसिनच्याच कुळातलं, १९४३ साली सापडलेलं. ज्या औषधानं त्यांना आपल्याला परत दिलं, त्याच्या भावंडानं मास्तरांचा वरचा सूर नेला. एकाच्या गोष्टीनं दुसऱ्याचं दुःख भरून निघत नाही, हे मी त्या दिवशी नीट पाहिलं. आजारातून उभ्या राहिलेल्या थोर माणसांच्या गोष्टी आपण रुग्णांना सांगतो, त्यात आपली माया असते. पण त्या गोष्टीत एक मागणीही दडलेली असते, की तूही असाच उभा राहा. आणि आजारानंच कुमारजींची गायकी घडवली असं जे म्हटलं जातं, तेही मला पटत नाही. आजारानं फक्त घेतलं. दिलं ते त्यांच्या बुद्धीनं आणि त्यांच्या घरानं.

औषधं संपली. कार्डावर "बरा झाला" अशी नोंद झाली आणि क्षयरोग कार्यक्रमाच्या लेखी मास्तरांचा विषय मिटला. पुढं अधूनमधून थुंकी तपासायची, एवढंच. खरं काम इथून सुरू झालं आणि त्याला कुठलाही निधी नव्हता. उजव्या फुफ्फुसाचा वरचा भाग आक्रसलेला होता. जिना चढताना धाप लागायची. एका रुग्णालयातल्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी त्यांना ओठ मुडपून सावकाश श्वास सोडायला शिकवलं. मास्तर म्हणाले, हे तर मी पोरांना फुंकर शिकवताना पहिल्या दिवशी सांगतो. मग त्या बाईंनीच डोकं चालवलं. व्यायामाचं यंत्र बाजूला ठेवून क्लॅरिनेटचाच व्यायाम केला. आधी नुसत्या माउथपीसमध्ये फुंकर, मग खालच्या सप्तकातला एक सूर, जेवढा टिकेल तेवढा. चक्कर आली की थांबायचं. रोज तेच. वर्षाच्या आत मास्तर एक कडवं बसून वाजवू लागले. चालत चालत वाजवणं मात्र जमलं नाही, आणि वरातीचा बँड म्हणजे चालणं आलंच.

तेव्हा त्यांनी स्वतःच वाट काढली. हळदीला आणि भजनाला बसून वाजवायचं. गाण्याची चाल अशी वाटायची, की लांब सूर ट्रम्पेटवाल्या पोराकडे जातील आणि आपल्याकडे छोटे तुकडे येतील. कानाचं यंत्र मिळालं, पण ते बोलणं ऐकण्यासाठी बनवलेलं, मोठा आवाज दाबून टाकणारं. वाजवताना त्यात सूर वाकडे ऐकू यायचे, म्हणून वाजवायच्या वेळी ते काढून खिशात ठेवायचे. वरचा सूर बरोबर लागलाय की नाही हे त्यांना दातांत धरलेल्या माउथपीसच्या थरथरीवरून कळायचं. नव्या पोरांना ते शिकवायचे. त्यांचं उत्पन्न पूर्वीच्या निम्म्यावरही आलं नाही, हे सांगायला हवं. डीजेनं बँडचा धंदा खाल्ला, त्याचाही त्यात वाटा आहे.

यानंतरच्या काळात धोरण बदललं, आणि ते का बदललं हे लोकांना माहीत असायला हवं. मुंबईच्या नंदिता वेंकटेसन, भरतनाट्यम करणाऱ्या, पत्रकार. कानामायसिननं २०१३ मध्ये त्यांचं ऐकणं गेलं. दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले यांचंही टीबीच्या उपचारात तसंच झालं. २०१८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं कानामायसिन यादीतून काढायला सांगितलं आणि बेडाक्विलिनची गोळी पुढे आणली. भारतात ती गोळी २०१६ पासून मोजक्या केंद्रांवर मिळत होती. जॉन्सन अँड जॉन्सन कंपनीला तिचं पेटंट २०२३ नंतरही वाढवून हवं होतं. या दोघींनी त्याविरुद्ध हरकत घेतली आणि मार्च २०२३ मध्ये आपल्या पेटंट कार्यालयानं कंपनीचा अर्ज फेटाळला. स्वस्त गोळीची वाट मोकळी झाली. आज माझ्या भागातल्या एमडीआर रुग्णाला मी सुई टोचायला पाठवत नाही. ज्यांचे कान गेले त्यांनी पुढच्यांचे कान वाचवले. नंदिताताईंना मी कधी भेटले नाही, पण त्यांच्याबद्दल बोलताना माझा आवाज भरून येतो.

तरीही माझा पहिला प्रश्न जुना झालेला नाही. नव्या उपचारात लिनेझोलिड असतं. फार चांगलं औषध, पण ते बऱ्याच जणांच्या हातापायांच्या नसांवर येतं. मुंग्या, बधिरपणा, कधी डोळ्याची नसही. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रानं मंजूर केलेला सहा महिन्यांचा छोटा उपचार आला, त्यातही ते आहे. दोन वर्षांचं सहा महिन्यांवर आलं ही मोठी गोष्ट आहे, मी ती रुग्णांना आनंदानं सांगते. पण कान वाचले म्हणून बोटांकडे बघायचं राहू नये. तबलजी, शिंपी, भरतकाम करणारी बाई, सोनार, घड्याळं दुरुस्त करणारा, यांना आपण काय देतो आहोत हे देण्याआधी सांगावं, महिन्याला बोटं तपासावीत, आणि उपचार संपल्यावर त्यांना कामावर परत नेण्यासाठी तालुक्याला निदान एक फिजिओथेरपिस्ट या कार्यक्रमात असावा. जगातल्या दर चार क्षयरोग्यांमागे एक आपल्या देशात आहे. एवढ्या माणसांचं काम वाचवणं ही चैन नाही.

सध्या माझ्याकडे सतारमेकर गल्लीतला एक मुलगा आहे. तंबोऱ्याची जवारी लावायला शिकतो. घोडीचा पृष्ठभाग किंचित किंचित घासून, तारेखाली दोरा सरकवून तो गुंजारव आणायचा, ते काम कानाचं आणि बोटांच्या टोकांचं. औषध सुरू करतानाच मी डॉक्टरांना हे सांगितलं आणि त्यांनी ते लिहून घेतलं. काही आठवड्यांपूर्वी त्याच्या तळपायाला मुंग्या सुरू झाल्या. डॉक्टरांनी लिनेझोलिडचा डोस उतरवला. हातांपर्यंत ते अजून पोचलेलं नाही असं कापसाच्या आणि टाचणीच्या तपासणीत दिसतं. मुलगा म्हणतो ठीक आहे. त्याला शिकवणारे चाचा मात्र म्हणतात, मागच्या दोन घोड्यांवर त्याचा हात थोडा जड पडलाय. डॉक्टरांनी पुढच्या तपासणीला चाचांनाही सोबत बोलावलं आहे, आणि येताना त्या दोन घोड्या घेऊन या म्हटलं आहे.